छोट्या कामांसाठी कठीण लाकूड परवडेल असं कुठून मिळवता?

नवा रंधा

नमस्कार मंडळी. सुतारकामाचा नाद लागलाय. हत्यारं हळूहळू जमली: दोन रंधे, पटाशांचा संच, एक बरी करवत, गुण्या, चार क्लॅम्प. आतापर्यंत पाईनवर हात बसवला, पण आता त्याचा कंटाळा आलाय. नख लागलं तरी ओरखडा उठतो आणि पटाशीला जरा धार कमी असली की रेषे कापले न जाता चिरडतात.

करायचंय ते असं: झाकणाच्या पेट्या, एक स्टूल, पटाशांना नव्या मुठी आणि जमलं तर भिंतीवरचं लहान कपाट. सगळ्यात लांब तुकडा लागला तरी दोन फुटांचा. पण वखारीत गेलं की समोर आठ-दहा फुटी फळ्या उभ्या. भाव ऐकला की मी "बघून येतो" म्हणत बाहेर. ऑनलाइन 'हस्तकलेसाठी' म्हणून छोटे तुकडे मिळतात, पण घनफुटाचा हिशेब केला तर ते अख्ख्या फळीपेक्षा महाग पडतात.

तुम्ही लाकूड आणता कुठून? जुनं फर्निचर फोडावं का? माल ठेवायचे लाकडी पॅलेट घ्यावेत का? शिवाय ओळखीच्या एकांच्या आवारात परवानगी काढून झाड पाडलंय, ते ओंडके घेऊन जा म्हणतायत. ते कामाचे असतात का?

भुसकट

पॅलेट फुकट मिळतात म्हणून उचलू नका, आधी शिक्का बघा. देशोदेशी फिरणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि त्याच्या शेजारी अक्षरं डागलेली असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. ते घ्यायला हरकत नाही. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते हातात धरू नका, जाळू तर नकाच. शिक्काच नसेल तर सोडून द्या. आणि शिक्का चांगला असला तरी त्यावर नंतर काय काय सांडलंय हे शिक्का सांगत नाही. तेलकट डाग, उग्र वास असला की नाही म्हणायचं.

वरच्या फळ्या पातळ असतात आणि बऱ्याचदा पाईनच्याच. खालची जाड आडवी लाकडं मात्र कधीकधी कठीण निघतात. त्यांचे खिळे पिळाचे असतात, ओढत बसाल तर लाकूड फाटेल. खिळ्याच्या दोन्ही अंगांनी कापून मधला भाग घ्या.

गाठीव लाकूड

पाईनबद्दल तुमच्याशी सहमत. पण तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. "सगळ्यात लांब तुकडा दोन फुटांचा" हे जे जाता जाता लिहिलंत ना, तीच तुमची सवलत.

वखारवाला भाव लावतो तो लाकडाला कमी, लांबी-रुंदीला जास्त. दार करणाऱ्याला सात फुटांची सरळ, बिनगाठीची फळी लागते. तशी एका ओंडक्यातून मोजकीच निघते, म्हणून ती महाग. त्याच ओंडक्यातला अडीच फुटी तुकडा दारवाल्याच्या काडीच्या कामाचा नाही. तो कोपऱ्यात जातो आणि तिथून जळणात. आपण गिऱ्हाईक त्या कोपऱ्याचे. तेव्हा "स्वस्त लाकूड आहे का?" असं विचारू नका. तो खरोखरच स्वस्त लाकूड दाखवेल आणि ते तुम्हाला नको असेल. "तीन फुटांखालचे तुकडे कुठे टाकता?" असं विचारा. गर्दीच्या वेळी जाऊ नका, ढीग उपसलात तर पुन्हा नीट रचून ठेवा. एवढं केलंत की पुढच्या वेळी माणूस आपणहून चार तुकडे बाजूला काढून ठेवतो. घासाघीस करून जे मिळत नाही ते अशाने मिळतं, हा माझा अनुभव आहे.

वखारीपेक्षाही चांगली जागा म्हणजे लाकडी जिने, दारं-खिडक्या किंवा लाकडी फरशी करणारे कारखाने. त्यांचं लाकूड भट्टीत वाळवलेलं असतं, बऱ्याचदा रंधूनही झालेलं असतं, आणि उरलेले तुकडे ठेवायला त्यांना जागा नसते. जिन्याच्या पायरीच्या टोकाचा कापलेला तुकडा म्हणजे पेटीचं आयतं झाकण.

आता वाकड्या फळ्यांबद्दल. हे फार कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. कमान आलेली फळी लांब कामाला बाद होते, म्हणून ती कमी भावात सुटते. पण कमानीची खोली लांबीच्या वर्गाने घटते. सहा फुटी फळीच्या मध्यावर ९ मिलिमीटर कमान असेल तर तिचे दोन-दोन फुटांचे तीन तुकडे करा, प्रत्येकात फक्त १ मिलिमीटर उरते. ती रंध्याच्या चार हातांत जाते. रुंदीत खोलगट झालेल्या फळीचंही तसंच: उभी मधोमध चिरली की खोलगटपणा प्रत्येक अर्ध्यात पावपट. पीळ मात्र चिवट. तो वर्गाने नाही, सरळ लांबीच्या प्रमाणात घटतो. सहा फुटांत ९ मिलिमीटर पीळ असेल तर दोन फुटी तुकड्यात ३ राहतो, आणि तो काढताना जाडी जाते. म्हणून कमानवाली फळी बिनधास्त घ्या, पिळलेली घेताना जाडी जास्त आहे का बघा. पीळ ओळखायला फळीच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाची कड बघायची. दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत.

कापल्यावर लगेच शेवटच्या मापाला रंधू नका. काही लाकडांत वाळताना ताण अडकून राहतो, कापल्यावर तो सुटतो आणि तुकडा पुन्हा हलतो. थोडं जाड ठेवून आठवडाभर उभं करून ठेवा, मग अंतिम माप.

मुळात तुम्हाला लाकूड लागतंय किती? स्टुलाचाच हिशेब करू. बैठक १२ बाय १२ इंच, १ इंच जाड: १४४ घन इंच. चार पाय, प्रत्येकी १८ इंच लांब आणि दीड इंच चौरस: १६२. चार आडव्या पट्ट्या, १० बाय २ बाय पाऊण इंच: ६०. एकूण ३६६ घन इंच. घनफूट म्हणजे १७२८ घन इंच, म्हणजे जेमतेम ०.२१ घनफूट. कापण्या-रंधण्यात तीस टक्के जातं असं धरा, तरी पाव घनफुटाच्या थोडंसंच वर. अख्ख्या फळीचा भाव ऐकून घाबरण्यासारखं त्यात काही नाही. वखारीत जाताना अशी यादी खिशात असू द्या, नाहीतर सुंदर नक्षी बघून भलतंच काहीतरी घरी येतं. (ते येतंच. पण निदान यादीतलंही येईल.)

एक गोष्ट जपा. तुकडे पुष्कळदा वजनावर विकतात. ओलं लाकूड वजनावर घेतलंत तर पाण्याचे पैसे देताय. ओलाव्याची टक्केवारी सुक्या लाकडाच्या वजनावर काढतात, म्हणजे ६० टक्के ओलाव्याचं १६० किलो लाकूड वाळून १२ टक्क्यांवर आलं की ११२ किलो भरतं. ४८ किलो हवेत गेले. म्हणून वाळलेलं असेल तर वजनावर घ्या, ओलं असेल तर मापावर. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, म्हणजे घनफुटाला अठरा-साडेअठरा किलो. हा आकडा लक्षात असला की वजनाचा भाव आणि घनफुटाचा भाव जागच्या जागी ताडून बघता येतो.

तिरका गुण्या

एवढी उठाठेव कशाला? रबरवूडचे जोडलेले तयार फळे मिळतात, ते घ्या आणि कामाला लागा. रबराची झाडं २५-३० वर्षांनी चीक कमी झाला की तशीही पाडतात, त्यामुळे लाकूड मुबलक आणि स्वस्त. घनमीटरला साधारण ६०० किलो, रंध्याखाली छान चालतं, रंग चांगला घेतं. सरळ असतं, सुकं असतं. बाहेर पावसात ठेवू नका, एवढंच.

आणि कुणी ऑनलाइन परदेशातून शिसवाचे तुकडे स्वस्तात पाठवतो म्हणाला तर जपून. शिसव ज्यात मोडतं ती डालबर्जिया ही जवळजवळ अख्खी प्रजाती जानेवारी २०१७ पासून साइटिस कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. कागदपत्रांशिवाय सीमेवर अडकतं, आणि पैसे तर आधीच गेलेले असतात.

गाठीव लाकूड

@तिरका गुण्या, रबरवूडवर माझा राग नाही. कपाटाच्या बाजूंना मीही तेच सुचवेन. पण पटाशीच्या मुठीला आणि कोपऱ्याच्या बारीक सांध्यांना बोटं एकमेकांत गुंतवल्यासारख्या जोडांचा तो तयार फळा कसा चालेल? जोड नेमका सांध्याच्या जागी येतो आणि तिथेच ढलपी उडते. मुठीला एकसंध, सरळ रेषांचं लाकूड हवं. बाभूळ, ॲश, बीच, जे जवळ उगवत असेल ते.

त्यावरून आठवलं. कुठलं लाकूड स्वस्त हे जातीवर ठरत नाही, ते किती लांबून आलंय यावर ठरतं. जवळपास लावली जाणारी फळझाडं बघा. म्हातारी झाली की ती काढतातच. आंबा, जांभूळ, नाशपाती, अक्रोड, जिथे जे असेल ते. फर्निचरवाल्यांना त्यांचे खोड आखूड आणि वाकडे वाटतात. आपल्याला दोन फूट पुरतात.

जुन्या फर्निचरबद्दल विचारलंत. फोडाच, पण निवडून. पलंग दिसला तर आधी बाजूच्या लांब पट्ट्या बघा. डोक्याकडच्या फळीवर पुष्कळदा नुसता पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, पण माणसाचं वजन पेलणाऱ्या पट्ट्या सहसा भरीव असतात. टेबलाचे पाय, खुर्चीचे मागचे पाय, ड्रॉवरच्या बाजू, हे तसंच. भरीव की पापुद्रा हे ओळखायला कड बघा. वरच्या पृष्ठावरची रेघ वळून कडेवर आणि तिथून टोकावर उतरत असेल तर भरीव. वरची नक्षी एक आणि कडेची भलतीच असेल, किंवा टोकाला थरांच्या रेघा दिसत असतील, तर सोडा. मग उलटं करा. खालच्या बाजूला पॉलिश नसतं. तिथे चाकूने एक बारीक साल काढून वास घ्या. सागवानाचा तेलकट, चामड्याकडे झुकणारा वास लपत नाही.

भोकं दिसली की घाबरून पळू नका, आधी किडा जिवंत आहे का बघा. तुकडा काळ्या कागदावर काही दिवस ठेवा. हलवल्याशिवाय खाली ताजा, फिकट भुसा पडला तर घरात आणू नका. टाल्कम पावडरसारखा मऊसूत भुसा म्हणजे पांढऱ्या लाकडातला स्टार्च खाणारा किडा, तो गाभ्याच्या गडद लाकडाला सहसा शिवत नाही. तेव्हा गाभा चांगला असेल आणि पांढरी कड तेवढी पोखरलेली असेल तर कड कापून जाळून टाका, गाभा वापरा. भोकांच्या कडा काळवंडलेल्या आणि भुसा पडत नसेल तर ती जुनी गोष्ट आहे.

रंध्याला लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. डोकं तुटलेला खिळा डोळ्याला दिसत नाही, पात्याला बरोबर सापडतो. आणि जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. त्यावर कोरडा सँडपेपर चालवू नका. एकूणच मास्क लावा. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच पहिल्या गटात नोंदवलंय, आणि त्यात कठीण लाकडाची धूळ पुढे आहे. छंदासाठी छाती पणाला लावू नये.

सावलीतली थप्पी

ओंडक्यांचं मी सांगते, कारण घरामागे माझी हीच थप्पी लागलेली असते.

घ्या, पण आजच जाऊन टोकं बंद करा. पाणी टोकांतून बाजूंपेक्षा दहा-बारा पट वेगाने निघतं, म्हणून आधी टोकं आकसतात आणि भेगा आत शिरतात. उरलेला ऑइलपेंट, मेण, काहीही जाड थापा. साल काढा, किडा तिथेच घर करतो. मग ओंडका मधोमध, अगदी मधल्या टिंबातून उभा फोडा. अख्खा ठेवलात तर तो तडकणारच. कारण लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडून सालीकडे आकसतं. फोडला की त्या ताणाला वाट मिळते.

फळ्या चिरून घेतल्यात तर जमिनीपासून वर, सावलीत, हवा खेळेल अशा रचा. थरांमध्ये सारख्या जाडीच्या सुक्या पट्ट्या ठेवायच्या, दीड-दोन फुटांवर, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकाखाली एक आल्या पाहिजेत. वर वजन ठेवा. इंचाला एक वर्ष हा ढोबळ नियम. हवा आणि जात बघून तो पुढेमागे होतो, म्हणून त्यावर विसंबू नका. एक फळी खूण करून ठेवा आणि दर महिन्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की बाहेरच्या हवेत जितकी वाळायची तितकी वाळली. मग काही आठवडे घरात आणून ठेवा, तिथे आणखी उतरेल.

घाई असेल तर एक छोटा तुकडा फळीच्या मधून कापा (टोकाचा नको, ते आधीच वाळलेलं असतं), तोला, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा आणि पुन्हा तोला. समजा ५६ ग्रॅमचे ५० झाले. गेलेले ६ भागिले ५०, म्हणजे १२ टक्के.

कुठलं झाड आहे ते सांगितलं नाहीत. निलगिरी असेल तर फळ्यांच्या भानगडीत पडू नका. ती वाळताना आतून खचते, पिळते आणि शेवटी जळणच हाती येतं.

आणि सगळंच वाळायची वाट बघू नका. मुठी आणि चमचे ओल्या लाकडात कोरायला फार सोपे. ओंडका फोडून, मधलं टिंब टाळून, मुठीचे ओबडधोबड आकार आत्ताच काढा. जाड ठेवा, कागदी पिशवीत भरून ठेवा. लहान तुकडे काही आठवड्यांत वाळतात, मग शेवटचा आकार द्या.

नवा रंधा

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. झाड आंब्याचं आहे, खोड साधारण फूटभर व्यासाचं. टोकांना रंग लावायला उद्या सकाळी जातोय. मुठींची आयडिया फार आवडली.

जिने करणारा एक कारखाना माहितीत आहे, तिथेही विचारतो. दोन शंका. एक, आंब्याला किडा लवकर लागतो म्हणतात, तर थप्पीत काय काळजी घेऊ? दोन, जिनेवाल्यांकडे सागवानाच्या अरुंद पट्ट्या असतील. त्या कडेला कड जोडून बैठक करता येईल का? सागवान गोंदाला धरत नाही असं ऐकलंय.

सावलीतली थप्पी

आंब्याला लागतो, खरंय. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण ओल्या फळ्यांवरच ब्रशने भरपूर मारा, सगळ्या बाजूंनी. ओल्या लाकडात ते आत झिरपत जातं, सुक्यात वरच राहतं. म्हणून चिरल्या दिवशीच मारायचं. पावसाने धुऊन जातं, तेव्हा थप्पीवर छप्पर हवं, पण बाजू उघड्या. मधे कुठे काळ्या-करड्या रेघा पडलेल्या दिसल्या तर ती बुरशी आहे. नक्षी सुंदर दिसते, पण नखाने दाबून बघा. लाकूड मऊ लागलं तर सजावटीला ठेवा, स्टुलाच्या पायाला नको.

गाठीव लाकूड

सागवान धरतं, पण ताजं असताना. त्यातलं तेल हळूहळू पृष्ठावर येतं आणि गोंद त्या तेलाला चिकटतो, लाकडाला नाही. कडा रंधून झाल्या की त्याच बैठकीत जोडायच्या, उद्यावर टाकायचं नाही. जोडण्याआधी ॲसिटोनने स्वच्छ फडक्याने पुसा, फडकं पिवळट होईल. खिडकी उघडी ठेवा आणि आसपास ज्योत नको. ॲसिटोन उडून गेलं की लगेच गोंद. सागवानात सिलिका (वाळूसारखे कठीण कण) असते, धार भराभर जाते. म्हणून शेवटच्या कडेआधी रंध्याच्या पात्याला पुन्हा धार लावून घ्या, नाहीतर कड चकाकते आणि गोंद आत शिरत नाही.

पट्ट्या तीन इंचांपेक्षा रुंद नसतील तर उत्तमच. बारा इंची बैठक चार-पाच पट्ट्यांची झाली की ती अख्ख्या फळीपेक्षा सरळ राहते. जोडण्याआधी सगळ्या पट्ट्या शेजारी मांडून रेषांची दिशा एकाच बाजूला येईल अशा फिरवून घ्या आणि खडूने आडवा एक मोठा त्रिकोण काढा. गोंद लावायच्या गडबडीत क्रम चुकला तर त्रिकोण मोडलेला दिसतो. क्लॅम्प चारच आहेत म्हणालात ना? बारा इंचांना पुरतील. दोन वरून, दोन खालून लावा.